कॅनडात जोडीदाराला बोलावताना जुनी ‘किरकोळ’ केस आडवी येते, या चुका टाळा

समजा, २०२२ ची थर्टी फर्स्ट. पुण्यात नाकाबंदी लागलेली. पोलिसांनी मशीनमध्ये फुंकायला लावलं, गाडी जमा झाली. पुढच्या आठवड्यात कोर्टात उभं राहून ‘गुन्हा कबूल’ म्हटलं, दहा हजार भरले, गाडी सोडवून आणली. मित्रांत तो किस्सा झाला, घरी कुणी विषय काढला नाही. मग लग्न झालं. बायको कॅनडात मिसिसागाला, तिथल्या कायम वास्तव्याचा परवाना म्हणजे पीआर घेतलेली. तिनं नवऱ्यासाठी स्पॉन्सरशिपचा अर्ज भरायला घेतला आणि एका फॉर्मवर प्रश्न आला: तुम्हाला कुठल्याही देशात गुन्ह्यासाठी दोषी ठरवलं गेलं आहे का, सध्या काही फौजदारी प्रकरण चालू आहे का? नवरा म्हणतो, “त्यात काय, दंड भरलाय ना!”

बहुतेक फायली याच वाक्यापाशी बिघडतात.

चूक पहिली: ‘किरकोळ’ कुणाच्या मापाने?

आपल्याकडे केस किती मोठी ते शिक्षेवरून ठरतं. आत जावं लागलं नाही, म्हणजे किरकोळ. कॅनडाचा इमिग्रेशन कायदा असं मोजत नाही. तिथला अधिकारी विचारतो की हेच कृत्य कॅनडात केलं असतं, तर कॅनडाच्या फौजदारी कायद्यात ते कुठल्या कलमात बसलं असतं आणि त्या कलमाखाली जास्तीत जास्त किती शिक्षा होऊ शकली असती. तुम्हाला प्रत्यक्षात पाचशे रुपये दंड झाला की पाच हजार, याला इथे फारसं वजन नाही.

दारू पिऊन गाडी चालवण्याचंच बघा. आपल्या मोटार वाहन कायद्याच्या कलम १८५ खाली पहिल्या वेळी सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दहा हजार दंड, किंवा दोन्ही. कॅनडात १८ डिसेंबर २०१८ पासून याच गुन्ह्याची कमाल शिक्षा पाच वर्षांवरून दहा वर्षांवर नेली गेली. कमाल शिक्षा दहा वर्षं किंवा त्याहून जास्त असली की तो गुन्हा ‘गंभीर गुन्हेगारी’च्या खान्यात जातो. थर्टी फर्स्टचा किस्सा एकदम त्या खान्यात! त्या तारखेच्या आधी घडलेला गुन्हा जुन्या मापाने मोजतात, म्हणून तारीख नीट बघा.

दुसरा फास आहे ‘हायब्रिड’ गुन्ह्यांचा. कॅनडात काही गुन्हे सौम्य पद्धतीने चालवता येतात, त्यांना समरी म्हणतात. काही गंभीर पद्धतीने चालतात, ते इंडायटेबल. बरेचसे गुन्हे दोन्ही पद्धतींनी चालवता येतात, आणि इमिग्रेशनसाठी असा प्रत्येक गुन्हा इंडायटेबलच धरला जातो. पाच हजार डॉलरच्या आतली चोरी, साधी मारहाण, धमकी देणं, सगळे हायब्रिड. मॉलमधून परफ्यूम उचलून पकडलं गेलेलं आणि कोर्टात दंड भरून सुटलेलं कॉलेजचं पोरही यात येतं.

उलट, निव्वळ समरी स्वरूपाचा एकच गुन्हा असेल तर तो सहसा आड येत नाही. गणपतीच्या मिरवणुकीत दंगा घातल्याबद्दल एकदा दंड झाला असेल, तर कॅनडातला त्याला जवळचा गुन्हा समरीतच मोडतो. पत्त्यांच्या अड्ड्यावर नुसते सापडला असाल तरी तेच. मात्र असे दोन वेगवेगळे प्रसंग असतील तर गणित बदलतं.

शिक्षा झाली नाही, असं म्हणण्याआधी

आपण ‘शिक्षा’ हा एकच शब्द दोन गोष्टींना वापरतो. कोर्टाने दोषी ठरवणं ही एक गोष्ट, त्याला कायद्याच्या मराठीत दोषसिद्धी म्हणतात. त्यानंतर कैद किंवा दंड सुनावणं ही दुसरी. “मला शिक्षा झाली नाही” असं आपण म्हणतो तेव्हा बहुतेक वेळा म्हणायचं असतं, “मी तुरुंगात गेलो नाही.” कॅनडाचा फॉर्म पहिल्या गोष्टीबद्दल विचारतो. गुन्हा कबूल करून दंड भरला म्हणजे दोषसिद्धी झाली. कोर्टाने चांगल्या वर्तणुकीच्या बाँडवर सोडलं असेल तरी दोषी ठरवलेलं असतं, आणि तेही सांगावं लागतं.

पण याची दुसरी बाजूही माहीत असू द्या. शेजाऱ्याशी भांडण होऊन जुन्या भारतीय दंड संहितेची ३२३, ५०४, ५०६ ही मारहाण, अपमान, धमकीची कलमं लागली आणि नंतर कोर्टात तडजोड झाली, असं महाराष्ट्रातल्या कितीतरी घरांत घडलेलं असतं. या कलमांखाली कायदेशीर तडजोड झाली तर तिचा परिणाम निर्दोष मुक्ततेसारखा असतो. लोक मात्र घाबरून फॉर्मवर “हो, दोषी” लिहून मोकळे होतात. ४९८अ चं, म्हणजे सासरच्या छळाच्या कलमाचं, तसं नाही. तिथे आपापसांत मिटवून भागत नाही, एफआयआर रद्द करण्यासाठी उच्च न्यायालयात जावं लागतं. घटस्फोटाच्या वेळी “सगळं मिटलं” म्हणून लोक निघून येतात आणि फौजदारी केस कोर्टात तशीच तारखा खात पडलेली असते. दुसऱ्या लग्नानंतर स्पॉन्सरशिप करताना ती उगवते.

पोलिसांनीच तपास बंद केला असेल तर बी समरी, सी समरी या भानगडी येतात. (कॅनडातल्या ‘समरी’शी यांचा काही संबंध नाही, नाव तेवढं सारखं.) बी समरी म्हणजे तक्रार खोटी निघाली. सी समरी म्हणजे गैरसमजातून झालेली, खरी की खोटी हे न ठरलेली. अशा वेळी कोर्टाने तो अहवाल मंजूर केल्याचा कागद हवा. “साहेब म्हणाले, झालं” यावर कुणी विश्वास ठेवणार नाही.

आणि दोषसिद्धी झालेलीच नाही म्हणजे पूर्ण सुटलो, असंही नाही. परदेशात गुन्ह्याचं कृत्य केलं असं मानायला वाजवी कारण असेल, तर तेवढ्यावरही अर्ज अडकू शकतो. म्हणून चालू केस लपवण्यात फायदा शून्य.

सगळ्यात महाग चूक: लपवणं

गावाकडचा एजंट सांगतो, “लिहू नका, पीसीसी क्लीन आलंय.” पीसीसी, म्हणजे पोलीस क्लिअरन्स सर्टिफिकेट, क्लीन येतं, खरं आहे. जुना दंड पोलिसांच्या नोंदीत नेहमी सापडतोच असं नाही. पण फॉर्म पोलिसांच्या नोंदीबद्दल विचारत नाही, तुमच्याबद्दल विचारतो. खोटं उत्तर दिल्याचं उघड झालं की कॅनडाच्या इमिग्रेशन कायद्याच्या कलम ४० खाली पाच वर्षं दारं बंद. या पाच वर्षांत पीआरसाठी नवा अर्जही करता येत नाही. मूळ केस कदाचित माफीत बसली असती, पण खोट्याला स्वतंत्र शिक्षा मिळते. फॉर्म एजंटने भरला हे कारण चालत नाही, सही तुमची असते.

इथे आणखी एक गुंता आहे. चार वर्षांपूर्वी स्टुडंट व्हिसा किंवा व्हिजिटर व्हिसाच्या अर्जात याच प्रश्नाला ‘नाही’ लिहिलेलं असतं. आता ‘हो’ लिहायचं तर जुनं खोटं उघडं पडणार, म्हणून लोक पुन्हा ‘नाही’च लिहितात. माझं मत सांगतो: दुसरं खोटं पहिल्यापेक्षा नेहमी वाईट. जुन्या अर्जातली चूक स्वतःहून, का झाली ते खरं सांगून, एका पत्रात मांडा. आणि ते पत्र वकिलाला दाखवल्याशिवाय पाठवू नका.

सल्ला कुणाचा घ्यायचा? कॅनडाच्या इमिग्रेशनसाठी पैसे घेऊन सल्ला द्यायचा परवाना ठरावीक लोकांनाच आहे: तिथल्या कायदा संस्थांचे सदस्य असलेले वकील आणि पॅरालीगल, क्वेबेकचे नोटरी आणि २०२१ पासून कामाला लागलेल्या कॉलेज ऑफ इमिग्रेशन अँड सिटिझनशिप कन्सल्टंट्सचे परवानाधारक. त्या संस्थेच्या यादीत नाव शोधायला दोन मिनिटं लागतात. तेवढीही न घालवता लोक लाख-दीड लाख देऊन बसतात, याचं नवल वाटतं.

कागद: रोजनाम्यापासून मशीनच्या पावतीपर्यंत

केस कशी संपली हे सांगण्यापेक्षा दाखवणं सोपं असतं, फक्त कागद हातात हवेत. एफआयआरची प्रत, दोषारोपपत्र, निकालाची सही-शिक्क्याची नक्कल, दंड भरल्याची पावती. लहान केसमध्ये सविस्तर निकालपत्र नसतं, तेव्हा रोजनाम्याची, म्हणजे कोर्टातल्या तारखेवार कामकाजाच्या नोंदीची, नक्कल काढा. जुन्या केसच्या फायली कोर्टात कायम ठेवत नाहीत, ठरावीक मुदतीनंतर नष्ट होतात. त्यामुळे अर्जाची वाट न बघता आत्ताच नक्कल मागवा. फाईल नष्ट झाली असेल तर तसं लेखी उत्तर मिळवा, तेही कामाला येतं.

दारूच्या केसमध्ये एक कागद सोन्याचा: ब्रेथ ॲनालायझरची स्लिप. आपल्याकडे मर्यादा १०० मिलिलिटर रक्तात ३० मिलिग्रॅम. कॅनडाच्या फौजदारी कायद्यात ८०. म्हणजे ४५ आकडा असलेला माणूस पुण्यात दोषी ठरतो, पण कॅनडात निव्वळ आकड्यावरून गुन्हेगार ठरला नसता. अधिकारी त्याच्या गाडी चालवण्यावर परिणाम झाला होता का हेही बघू शकतो, तरी वाद घालायला जागा आहे. १४० असेल तर ती जागा नाही. ही स्लिप लोक गाडी सोडवल्याच्या आनंदात फेकून देतात. हरवली असेल तर कोर्टाच्या फायलीत बघा.

मराठी कागदांचं इंग्रजी किंवा फ्रेंच भाषांतर लागतं. भाऊ, बहीण, स्वतः अर्जदार, यांनी केलेलं चालत नाही, त्यांचं इंग्रजी कितीही चांगलं असो. भाषांतर हातात आल्यावर मुक्तता, दोषसिद्धी आणि तडजोड हे तीन शब्द कसे उतरले आहेत ते वकिलासोबत वाचा. एका शब्दाने निकाल उलटा वाचला जाऊ शकतो.

पोलीस आयुक्तालयातून नोकरीसाठी मिळणारं चारित्र्य पडताळणी प्रमाणपत्र आणि पासपोर्ट कार्यालयाचं पीसीसी हे दोन वेगळे कागद आहेत. इथे दुसरा लागतो.

घाई, आणि ‘नाही झालं तर अपील करू’

दोष असला तरी वाट असते, पण तिला वेळेचं गणित आहे. शिक्षा पूर्ण झाल्यापासून पाच वर्षांनी पुनर्वसनाचा, म्हणजे रिहॅबिलिटेशनचा अर्ज करता येतो. मंजूर झाला की तो गुन्हा कायमचा बाजूला पडतो. निव्वळ दंड असेल तर दंड भरल्या दिवसापासून मोजायचं, आणि कोर्टाने गाडी चालवायला बंदी घातली असेल तर बंदी संपल्या दिवसापासून. कमी गंभीर प्रकारचा एकच गुन्हा असेल तर दहा वर्षांनी माणूस आपोआप सुधारला असं मानण्याचीही सोय आहे. दोन किंवा अधिक समरी गुन्ह्यांसाठी ती पाच वर्षं. पण दहा वर्षांच्या कमाल शिक्षेच्या गुन्ह्याला ही आपोआप माफी नाही. तिथे अर्ज करावाच लागतो.

आपल्या थर्टी फर्स्टवाल्याने जानेवारी २०२३ मध्ये दंड भरला. म्हणजे जानेवारी २०२८ पर्यंत पुनर्वसनाचं दार उघडत नाही. त्याआधी तात्पुरत्या वास्तव्याचा परवाना किंवा मानवतेच्या आधारावर सूट मागता येते, पण ती अधिकाऱ्याच्या मर्जीवर. “लग्न खरं आहे, मूल होणार आहे” एवढं सांगून गुन्ह्याची अट गळून पडत नाही. जोडीदाराच्या आजाराचा खर्च सरकारवर पडेल, ही हरकत स्पॉन्सरशिपमध्ये लागू होत नाही. गुन्ह्याला मात्र अशी सवलत नाही. कॅनडात राहून, व्हिसा संपल्यावर अर्ज करणाऱ्या जोडीदारांना मिळणारी ढिलाईही फक्त व्हिसाच्या स्थितीपुरती असते.

अपीलाचं सांगायचं तर, भारतातून केलेला अर्ज नाकारला गेला की स्पॉन्सर साधारणपणे इमिग्रेशन अपील डिव्हिजनकडे जाऊ शकतो. मात्र नकार परदेशातल्या ‘गंभीर गुन्हेगारी’मुळे असेल तर ते अपील बंद. उरतं फेडरल कोर्ट, तेही परवानगी मिळाली तर. कॅनडाच्या आतून अर्ज केला असेल तर अपील डिव्हिजन मुळातच नाही.

स्पॉन्सरची स्वतःची फाईल कुणी बघतच नाही

सगळ्यांचं लक्ष भारतातल्या जोडीदारावर. पण ब्रॅम्पटनमध्ये बसलेल्या नवऱ्याला वीकेंडच्या पार्टीनंतर पोलिसांनी थांबवलं आणि गुन्हा दाखल झाला, तर? कमाल शिक्षा दहा वर्षं असलेल्या गुन्ह्याचा आरोप स्पॉन्सरवर असेल, तर त्याचा निकाल लागेपर्यंत अर्जाचं काम थांबतं. बायको नाशिकमध्ये वाट बघत बसते आणि नवरा तिला सांगत नाही की का थांबलंय. तो पीआर असेल, नागरिक नसेल, तर दोषी ठरल्यावर त्याचा स्वतःचा पीआरही धोक्यात येतो. लैंगिक गुन्हा किंवा कुटुंबातल्या माणसाला इजा होईल अशी हिंसा यात दोषी ठरलेल्याला शिक्षा संपल्यापासून पाच वर्षं स्पॉन्सरच होता येत नाही.

म्हणून अर्ज भरायला बसण्याआधी दोघांनी एकमेकांना सगळ्या केसेस सांगाव्यात, कॉलेजातल्याही. जी बाई आपल्या नवऱ्याच्या दंडाबद्दल पहिल्यांदा इमिग्रेशनच्या पत्रातून वाचते, तिच्या घरात त्या संध्याकाळी काय होत असेल ते सांगायला नको. ते पत्र आलं की उत्तराला दिलेली मुदत आधी वाचा, आणि पुरणार नसेल तर ती संपण्याआधी वाढवून मागा.