पुण्याच्या पावसाळ्यात मोसी मुखवटा जपताना

पश्चिम आफ्रिकेतल्या बुर्किना फासो देशातल्या मोसी समाजाचा कोरीव मुखवटा घरात असेल, तर तेलाची बाटली आणि ओलं फडकं त्याच्यापासून लांब ठेवा. लाकूड बहुधा हलकं, मऊ असतं, आणि लाल-पांढरा-काळा पारंपरिक रंग वर कोरडा बसलेला असतो. पाण्याने तो सुटतो, जवसाच्या तेलाने काळवंडतो. ‘चमक येईल’ म्हणत पॉलिश सुचवणाऱ्यांचं ऐकू नका.

धूळ काढायला मऊ केसांचा, इंचभर रुंद ब्रश पुरतो. व्हॅक्यूमच्या नळीच्या तोंडाला जाळीचं कापड बांधून ती जवळ धरा, पण टेकवू नका. रंगाची खपली उडालीच, तर कापडावर सापडते. यातेंगा भागातल्या ‘करांसे’ मुखवट्याचा चेहरा अंडाकृती, खोलगट, मधोमध दातेरी कड, आणि डोक्यावर माणसाहून उंच जाऊ शकणारी फळी. फळी धरून उचललात तर चेहऱ्याशी जुळते तिथेच तडा जातो, म्हणून दोघांनी उचला, एकाचा हात चेहऱ्याखाली. कडेची भोकं वाखाचा पोशाख बांधण्यासाठी असतात (तिकडेही हा वाख अंबाडीचाच!), खिळ्याला अडकवण्यासाठी नव्हेत. खालून आधार देणारा लोखंडी स्टँड करून घ्या, टेकण्याच्या जागी नमदा लावा. आणि जुलैत ओल धरणारी बाहेरची भिंत टाळा.

खरी भीती लाकूड पोखरणाऱ्या भुंगेऱ्याची. त्याने पाडलेली जुनी भोकं पाहून घाबरू नका. मुखवट्याखाली काळा कागद पसरा आणि आठवड्याने पाहा. त्यावर ताजा, फिकट भुसा पडला असेल तर कीड जिवंत आहे. रंग घट्ट असेल तर मुखवटा टिश्यू पेपरमध्ये, मग पॉलिथिनमध्ये गुंडाळा, आतली हवा काढून टेपने बंद करा आणि उणे 18-20 अंशांच्या डीप फ्रीजरमध्ये दोन आठवडे ठेवा. बाहेर काढल्यावर पिशवी 24 तास उघडायची नाही. घाई केली तर थंड लाकडावर दव धरतं आणि रंग जातो. खपल्या निघत असतील तर हा प्रयोग नकोच.

तशा मुखवट्याला, किंवा फ्रीजरमध्ये न मावणाऱ्या करांसेला, ॲल्युमिनियमच्या थराच्या पिशवीत ऑक्सिजन शोषणाऱ्या पुड्यांसह किमान तीन आठवडे सीलबंद ठेवा. साधं पॉलिथिन इथे चालत नाही, त्यातून हवा झिरपते आणि अळ्या जगतात.