वर्ग कुठला, जात कुठली? सोसायटीतच बघून घ्या

समाजशास्त्राच्या परीक्षेत पोरं वर्ग (पैसा-कामावरून ठरणारा समाजातला थर) आणि जात एकच करून टाकतात, तर आधी नोट्स बाजूला ठेवा आणि तासभर बिल्डिंगमध्ये नुसतं बघत बसा. कोण कुठल्या लिफ्टने जातं, धुणंभांडीवाल्या मावशींना चहा कुठल्या कपात मिळतो, लिहून काढा (आमच्याकडे तो कान तुटलेला कप खिडकीत वेगळाच असायचा). मग प्रत्येक नोंदीला विचारा, उद्या मावशींना लॉटरी लागली तर हे बदलेल का? बदललं तर बहुतेक वर्ग, नाहीतर जात तपासा. बाबासाहेबांनी १९१६ ला अमेरिकेतल्या कोलंबिया विद्यापीठात मांडलेलं की जात म्हणजे बंदिस्त वर्ग, आणि तो बंद होतो जातीतच लग्न करून. म्हणून रविवारच्या पेपरातल्या स्थळांच्या जाहिराती पण चाळा, पगार आणि पोटजात एकाच ओळीत सापडतात.