वाघाटी नक्की कुठली? पानावरून ओळखा

आषाढी जवळ आली की वाघाटीची शोधाशोध सुरू होते, पण रानात दोन माणसांना विचारलं तर ते दोन वेगळ्याच काटेरी वेली दाखवतील, आणि गंमत म्हणजे दोघांचंही बरोबर असतं. सह्याद्रीत वाकेरीलाही बरेच जण वाघाटीच म्हणतात, ब्रिटिश काळात तर या वाकेरीचं शास्त्रीय नावच वागाटिया ठेवलेलं, आता ते मौलावा झालंय. आपल्याला द्वादशीला उपास सोडायला हवी ती दुसरी, गोविंदफळवाली, शास्त्रीय नाव कॅपॅरिस झेलॅनिका.

म्हणून नावावर जाऊ नका, पान बघा. वाकेरीचं पान गुलमोहरासारखं, एकाच पानात बऱ्याच छोट्या पर्णिका (म्हणजे पानाचे सुटे भाग), आणि काटे दांडीभर कसेही. गोविंदफळाचं पान साधं, एकच, जाडसर चामड्यासारखं, आणि प्रत्येक पानाच्या बुडाशी दोन आकडेबाज काटे, अगदी मांजराने नख्या बाहेर काढल्यासारखे. व्याघ्रनखी हे संस्कृत नाव का पडलं ते तिथेच कळतं. उन्हाळ्यात बघितलंत तर फुलं पांढरी, मिशांसारखे लांब केसर बाहेर आलेले, शिळी होताना गुलाबी-जांभळट होतात. वाकेरीला मात्र लाल-केशरी उभे तुरे येतात, लांबूनही घोळ होत नाही.

काट्यात बाही अडकली तर ओढायचं नाही, मी ओढली होती, शर्ट गेलाच वर मनगटावर दोन ओरखडे. काटे मागे वळलेले असतात, त्यामुळे हात जिथून आला त्याच दिशेला थोडा परत न्यायचा, मग सुटतो. फळं देठासकट कात्रीने कापा.

भाजीला हिरवीच फळं घ्या, पिकून लाल झालेली नकोत. चिरा, आतल्या बिया सगळ्या काढून टाका (कंटाळवाणं काम आहे, पण टाळू नका), मिठाच्या पाण्यात उकळा आणि ते पाणी सरळ ओतून द्या. मग फोडी घट्ट पिळून तेलात जिरं-मोहरी, मिरचीवर खमंग परता, वरून ओलं खोबरं. चातुर्मास पाळत असाल तर कांदा-लसूण नकोच. एवढं करूनही जराशी कडू लागतेच, तेवढी लागायलाच हवी, नाहीतर मग भोपळाच आणा की.