दुसऱ्या केबलचा हिरवा दिवा

गेल्या मे महिन्यात बुटीबोरीच्या एका कारखान्यात ईएसएक्सआयच्या तीन होस्टना (व्हीएम, म्हणजे आभासी मशीन, चालवणारे सर्व्हर) मॅनेजमेंटच्या, म्हणजे त्यांना सांभाळायच्या, नेटवर्कसाठी दोन-दोन केबल लावल्या, त्यांना सांभाळणाऱ्या व्हीस्फिअरमधली 'मॅनेजमेंटला दुसरी वाट नाही' ही पिवळी सूचना गेली, मी खुशीत घरी आलो. महिन्याभराने रॅक आवरताना तिसऱ्या होस्टची पहिली केबल बिनधास्त उपसली. दुसरी आहे ना! होस्ट गायब. आयसोलेशनचं (होस्ट नेटवर्कपासून तुटला तर काय करायचं याचं) सेटिंग शटडाउनवर होतं, त्यामुळे एचएने (होस्ट पडला तर त्याचे व्हीएम दुसऱ्यावर चालू करणारी सोय) त्याच्यावरचे व्हीएम पाडले आणि बाकी दोघांवर उठवले. डिस्पॅचचं बिल छापता छापता अर्ध्यात लटकलं. दुसऱ्या केबलचा दिवा मात्र हिरवागार. त्या स्विचच्या पोर्टवर मॅनेजमेंटचा व्हीलॅन २० (स्विचवर वेगळं पाडलेलं नेटवर्क) दिलेलाच नव्हता.

तर भाऊ, अशी दुसरी केबल लावायला जायच्या आधी. पॅचकॉर्ड, लेबल, कन्सोल केबल हे सांगायला नको. आयलो किंवा आयड्रॅकमध्ये (सर्व्हर दुरून सांभाळायची सोय) आदल्या दिवशीच लॉगिन करून पाहा. पासवर्ड कुणाच्या तरी जुन्या डायरीत असतो आणि तो माणूस नोकरी सोडून गेलेला असतो.

दोन पोर्ट एकाच कार्डावरचे घेऊ नका, कार्ड गेलं की दोन्ही जातात. एक ऑनबोर्ड, एक वेगळ्या कार्डावरचं. स्विच दोन, आणि त्यांची वीजही दोन ठिकाणांहून. दोन्ही एकाच यूपीएसवर असतील तर दोन असून उपयोग काय?

आता व्हीलॅन. दिवा हिरवा म्हणजे फक्त तार जिवंत आहे. पलीकडे व्हीलॅन नसला तरी ईएसएक्सआय ती लिंक चांगलीच समजतो. तीन जागी पाहा: दुसऱ्या स्विचवर व्हीलॅन तयार केलाय का, होस्टच्या प्रत्येक पोर्टच्या ट्रंकवर (अनेक व्हीलॅन नेणारी लिंक) तो चालू आहे का, आणि दोन स्विचमधल्या ट्रंकवरून तो जातो का. सिस्कोवर ट्रंकच्या यादीत व्हीलॅन वाढवताना 'ॲड' हा शब्द विसरलात तर आधीची अख्खी यादी पुसली जाते. आधी वाचा, मग एंटर दाबा. 'पहिल्यासारखंच कॉन्फिगर केलंय' असं कुणी सांगितलं तरी दुसऱ्या स्विचवर स्वतः लॉगिन करा. मलाही तसंच सांगितलं होतं, बाप्पा.

टीमिंगमध्ये (होस्टच्या दोन पोर्टची जोडी लावताना) एक ॲक्टिव्ह, एक स्टँडबाय. फेलबॅक (पहिली लिंक परत आली की आपोआप तिच्यावर जाणं) 'नो', कारण रीबूट झालेल्या स्विचचा दिवा आधी लागतो, ट्रॅफिक मागून सुरू होतं. होस्टच्या पोर्टवर ट्रंकचं पोर्टफास्ट (दिवा लागताच पोर्ट चालू करणारं सेटिंग) द्या, नाहीतर जुन्या स्पॅनिंग ट्रीत (स्विचची लूप टाळायची पद्धत) ३० सेकंद जातात. दोनच निक (नेटवर्क पोर्ट) असताना बीकन प्रोबिंगच्या (पोर्टनी एकमेकांना पाकिटं पाठवून लिंक तपासायची पद्धत) नादी लागू नका. बिघाड कोणत्या बाजूला झाला हे त्याला दोनात ठरवता येत नाही.

मग चाचणी. एचएचं होस्ट मॉनिटरिंग बंद करा, लॅपटॉपवर होस्टचा पिंग लावून ठेवा, पहिली केबल काढा. पिंग चालू? पुन्हा लावा, आता दुसरी काढा. तिन्ही होस्टवर. 'एकावर झालं, बाकी सारखेच आहेत' असं म्हणू नका, पोर्ट वेगळे आहेत.

उरलेलं झटपट. होस्ट तुटलाय का हे पाहायला आयसोलेशन ॲड्रेस म्हणून एचए मुळात फक्त गेटवेला पिंग करतो, पिंगला उत्तर देणारा आणखी एक पत्ता द्या. हार्टबीटला (होस्ट जिवंत आहे का हे कळायला) दोन डेटास्टोअर (सामायिक स्टोरेज). मॉनिटरिंग परत चालू. पिवळी सूचना राहिली तर होस्टवर रिकन्फिगर एचए. रॅकचे फोटो. राइट मेमरी (स्विचचं कॉन्फिगरेशन जतन करणारी आज्ञा). दुसऱ्या स्विचवरही.