थकवा जात नसेल तर गोळीआधी कारण शोधा

पुरेशी झोप झाली, काम कमी केलं, तरी सकाळी उठल्यापासून अंगात त्राण नाही आणि हे दोन-तीन आठवड्यांहून जास्त चाललंय, तर डॉक्टरांना दाखवाच. बहुतेक घरांत आधी टॉनिकची बाटली येते, ती थांबवा. बी-१२च्या गोळ्या सुरू असतील तर रक्तातला आकडा चांगला दिसतो आणि मूळ कमतरता झाकली जाते. केसांसाठीच्या गोळ्यांत अनेकदा बायोटिन हे जीवनसत्त्व असतं, त्यामुळे थायरॉइडचा रिपोर्ट चुकू शकतो. अशी कोणतीही गोळी चालू असेल तर रक्त देण्याआधीच सांगा.

जाण्याआधी आठवडाभर एका वहीत लिहून ठेवा: कधी झोपलात, किती वेळा जाग आली, कोणत्या वेळी सगळ्यात जास्त गळून जाता, पाळी किती दिवस आणि किती जाते, वजन, चालू असलेली सगळी औषधं. अ‍ॅलर्जीच्या, रक्तदाबाच्या आणि झोपेच्या काही गोळ्यांनीही मरगळ येते.

‘थकवा’ या एका शब्दावर डॉक्टरांना फारसं काही कळत नाही. नेमकं काय होतं ते सांगा. बसल्या बसल्या डोळे मिटतात? मग झोपेकडे बघावं लागेल. मोठ्याने घोरणं, मध्येच श्वास अडकणं, सकाळी डोकं जड असणं ही स्लीप अ‍ॅप्नियाची, म्हणजे झोपेत श्वास थांबण्याच्या आजाराची, खूण असू शकते, आणि ते घरातल्या दुसऱ्या माणसालाच दिसतं, म्हणून त्यालाही विचारा. एक जिना चढताना धाप लागते? मग रक्त, हृदय, फुप्फुसं. खुर्चीतून उठताना हात टेकावा लागतो, केस विंचरताना हात वर धरवत नाही? हा स्नायूंचा अशक्तपणा, त्याचा शोध वेगळा. आवडत्या गोष्टीतही मन लागत नाही? नैराश्य असू शकतं. तो खरा आजार आहे, त्यावर उपचार आहेत. सांगायला संकोच करू नका.

पहिल्या फेरीत सहसा सीबीसी (हिमोग्लोबिन आणि रक्तपेशींची मोजणी), फेरिटिन (साठ्यातलं लोह), टीएसएच (थायरॉइड), साखर, क्रिएटिनिन (मूत्रपिंड), यकृताच्या तपासण्या, बी-१२ आणि लघवी एवढं पुरतं. सगळ्यात जास्त चूक होते ती लोहाबाबत. हिमोग्लोबिन स्त्रियांत १२च्या आणि पुरुषांत १३च्या खाली गेलं की रक्तक्षय म्हणतात. पण साठ्यातलं लोह त्याच्या बरंच आधी संपतं. म्हणून हिमोग्लोबिन १२.५ असूनही फेरिटिन १० असलेली बाई दमलेली असू शकते, आणि ‘रिपोर्ट नॉर्मल’ म्हणून तिला परत पाठवलं जातं. फेरिटिन मुद्दाम विचारून घ्या. मात्र शरीरात सूज किंवा जंतुसंसर्ग असेल तर ते खोटं वाढतं, तेव्हा सोबत सीआरपी ही सूज दाखवणारी रक्ततपासणी बघतात. पुरुषांत किंवा पाळी थांबलेल्या स्त्रियांत लोह कमी निघालं, तर नुसत्या गोळ्यांवर भागवू नका; पोटात-आतड्यात कुठे रक्त जातंय का, हे तपासायलाच हवं.

लोहाची गोळी शक्यतो रिकाम्या पोटी, पाण्याबरोबर घ्या. चहा, कॉफी, दूध, कॅल्शियम यांच्याबरोबर घेतली तर ती नीट शोषली जात नाही. शौच काळी होते, घाबरू नका. मळमळ होत असेल तर बंद करण्याऐवजी एक दिवसाआड चालेल का, ते विचारा. महिन्याभरात हिमोग्लोबिन वाढलेलं दिसायला हवं. ते पूर्ववत झाल्यावरही साठा भरायला साधारण तीन महिने गोळी चालू ठेवावी लागते. बरेच जण बरं वाटताच सोडतात आणि काही महिन्यांत पुन्हा तिथेच येतात. थायरॉइडची गोळीही चालू असेल तर दोन्हींत चार तासांचं अंतर ठेवा.

थकव्याबरोबर वजन आपोआप उतरणं, रात्री कपडे भिजवणारा घाम, रेंगाळणारा ताप, अंगावर गाठ किंवा (लोहाची गोळी चालू नसताना) काळी शौच असेल तर वही भरत बसू नका, लगेच दाखवा. छातीत दुखणं, बसल्या जागी धाप, शुद्ध हरपणं किंवा जीव द्यावासा वाटणं असेल तर त्याच क्षणी तातडीची मदत घ्या.

सगळे रिपोर्ट चांगले येऊनही थकवा महिनोन्‌महिने टिकला, आणि थोड्या श्रमानंतर दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी माणूस पार आडवा होत असेल, तर एमई/सीएफएस (क्रॉनिक फटीग सिंड्रोम, म्हणजे दीर्घकाळ टिकणाऱ्या थकव्याचा आजार) याबद्दल विचारा. विषाणूच्या तापानंतर तो सुरू झालेला अनेकदा दिसतो. इथे ‘रोज थोडा व्यायाम वाढवा’ हा सल्ला उलटतो. झेपेल त्याच्या आतच काम करायचं आणि दमण्याआधी थांबायचं.