अपडेटनंतर हार्ड डिस्क गायब? फॉरमॅटकडे वळण्याआधी हे करा

चवथ आठवड्यावर आली होती आणि घुमट आरत्यांची जुनी रेकॉर्डिंगं माझ्या मशीनच्या दुसऱ्या डिस्कवर. फोंड्यातल्या त्या ओल्या संध्याकाळी उबुंटू लिनक्सचं अपडेट उरकून रीस्टार्ट केलं, तर ९० सेकंद पडद्यावर एकच ओळ, आणि मग ‘इमर्जन्सी मोड’. डिस्क गेलीच म्हणून कपाळाला हात लावला. प्रत्यक्षात तिचं नाव तेवढं बदललं होतं.

तेव्हा फॉरमॅट नको, आणि घाईघाईने ‘एफएससीके’ ही डिस्क दुरुस्त करणारी आज्ञाही नको. आधी कर्नलला, म्हणजे लिनक्सच्या गाभ्याला, डिस्क दिसते का ते बघा. एंटर दाबून किंवा रूटचा पासवर्ड देऊन आत शिरा आणि ‘एलएसबीएलके -एफ’ चालवा (इथल्या आज्ञा रोमन लिपीतल्या लहान अक्षरांत टाइप करायच्या). डिस्क, तिची पार्टिशनं आणि प्रत्येकाचा यूयूआयडी (सहसा न बदलणारा लांबलचक ओळख क्रमांक) अशी यादी येईल.

यादीत डिस्क असेल तर निम्मं काम झालं. माझ्याकडे आधी कार्ड रीडर ‘एसडीए’ होता आणि डिस्क ‘एसडीबी’; आता उलटं झालं होतं. कर्नल ही नावं ज्या क्रमाने वस्तू सापडतील त्या क्रमाने वाटतो, त्यामुळे त्यांचा भरवसा धरू नये. मी मात्र आळसाने ‘ईटीसी’मधल्या ‘एफएसटॅब’ फाइलीत (सुरू होताना कोणती डिस्क कुठे जोडायची याची यादी, /etc/fstab) ‘/डेव्ह/एसडीबी१’ असंच लिहून ठेवलं होतं. इमर्जन्सी मोडात माउस नाही, कॉपी-पेस्ट नाही. यूयूआयडी हाताने टाइप करायला गेलात तर एखादं अक्षर हमखास चुकतं. म्हणून फाइलीची प्रत काढून, नॅनो या एडिटरात त्या ओळीआधी फक्त # टाका आणि रीस्टार्ट करा. नेहमीचा डेस्कटॉप आला की ‘/डेव्ह/एसडीबी१’च्या जागी ‘UUID=’ लिहून पुढे निवांत यूयूआयडी चिकटवा, पर्यायांत ‘नोफेल’ जोडा (डिस्क नसली तरी मशीन अडून बसत नाही), # काढा आणि ‘सुडो माउंट -ए’ द्या. मग पुन्हा ‘एलएसबीएलके -एफ’ चालवा; डिस्कच्या ओळीत ती जोडलेली जागा दिसली तर जमलं.

विंडोजची एनटीएफएस डिस्क यादीत दिसूनही उघडत नसेल तर विंडोजमध्ये जाऊन फास्ट स्टार्टअप बंद करा आणि नीट शटडाउन करा.

यादीतच डिस्क नसेल तर रीस्टार्ट करताना शिफ्ट किंवा एस्केप धरून ग्रबचा (लिनक्स सुरू करणाऱ्या प्रोग्रॅमचा) मेनू आणा, ‘अ‍ॅडव्हान्स्ड ऑप्शन्स’मधून जुना कर्नल निवडा. त्यात दिसली तर गडबड नव्या कर्नलची किंवा त्याच्या इनिटरॅमएफएसची (सुरू होताना लागणारे ड्रायव्हर ठेवलेली फाइल). ‘डीएफ -एच’ देऊन ‘बूट’ पार्टिशन भरलंय का बघा. जागा संपली की ही फाइल अर्धवट राहते. ‘सुडो एपीटी ऑटोरिमूव्ह’ने जुने कर्नल काढा, पण काय काय जातंय ते वाचून मगच होकार द्या. मग ‘सुडो अपडेट-इनिटरॅमएफएस -यू -के ऑल’ (sudo update-initramfs -u -k all) देऊन ती फाइल नव्याने बनवा. फेडोरा या दुसऱ्या लिनक्सवर हेच काम ‘ड्राकट’ (dracut) करतं.

जुन्या कर्नलातही नाही? मग बायोस. तिथेही नसेल तर अपडेट बिचारं निर्दोष आहे. आपल्याकडच्या पावसाळी दमट हवेत साटाच्या (डिस्क मदरबोर्डला जोडणाऱ्या) केबलींची जोडणी बिघडू शकते. वीज काढून केबल दोन्ही टोकांनी काढून घट्ट बसवा. बायोसमध्ये दिसते पण लिनक्सला नाही, असा इंटेलचा लॅपटॉप असेल तर बायोसमधलं रेड किंवा व्हीएमडीचं (डिस्क हाताळण्याच्या पद्धतीचं) सेटिंग तपासा. त्याच मशीनवर विंडोज असेल तर ते सरसकट बदलू नका, विंडोज उठणार नाही.

आणि ‘सुडो डीमेसेज’ (sudo dmesg) या कर्नलच्या नोंदी दाखवणाऱ्या आज्ञेत ‘आयओ एरर’च्या ओळी दिसल्या, तर बाकी सगळं सोडून आधी डेटा दुसरीकडे उतरवा.