डायनॅमिक क्वेरीनंतर ‘फाउंड’वर विसंबू नका

टेबलचं नाव पॅरामीटरमधून आलं, क्वेरीची स्ट्रिंग तयार झाली, एक्झिक्यूटने ती चालवली आणि लगेच खाली ‘इफ फाउंड’. पोस्टग्रेस डेटाबेसच्या प्रोसीजरमध्ये हा कोड सर्रास दिसतो. फाउंड म्हणजे आधीच्या क्वेरीला रो (टेबलातली ओळ) मिळाली का, हे सांगणारं व्हेरिएबल. गोची अशी, की एक्झिक्यूट फाउंडला हातच लावत नाही. फाउंडची सुरुवातीची किंमत फॉल्स असते, म्हणून प्रोसीजरमध्ये दुसरी क्वेरी नसेल तर रो असूनही ‘सापडलं नाही’ असंच उत्तर येतं. ही चूक निदान पहिल्याच टेस्टमध्ये पकडली जाते. पण वर एखादं साधं अपडेट असेल, तर फाउंड त्याचं उत्तर धरून बसतो आणि कोड कधीकधी बरोबर चालल्यासारखा वाटतो. अशी चूक प्रॉडक्शनपर्यंत आरामात पोचते.

किती रो आल्या हे हवं असेल, तर एक्झिक्यूटच्या लगेच नंतर गेट डायग्नोस्टिक्स वापरून रो काउंट घ्या. त्याला एक्झिक्यूट कळतं.

काही जण ‘एक्झिक्यूट इंटू’ करून, म्हणजे उत्तर व्हेरिएबलमध्ये घेऊन, ते नल (किंमतच नसलेलं) आहे का ते पाहतात. रो आली नाही की नल मिळतो, हे खरं. पण रो आहे आणि तो कॉलमच रिकामा आहे, तेव्हाही नलच मिळतो. रेकॉर्ड, म्हणजे पूर्ण रो, घेतलं तर आणखी गंमत: एक कॉलम नल आणि बाकीचे भरलेले असतील, तर ‘इज नल’ आणि ‘इज नॉट नल’ दोन्ही फॉल्स! काउंट घेऊन नल तपासणं तर निव्वळ व्यर्थ, कारण काउंट शून्य देतो, नल कधीच नाही.

नुसतं आहे की नाही एवढंच विचारायचं असेल, तर क्वेरी ‘सिलेक्ट एक्झिस्ट्स’मध्ये गुंडाळा आणि उत्तर बूलियनमध्ये इंटू करा. एक रो सापडली की शोध थांबतो, लाखो रो मोजत बसावं लागत नाही. शोधायची किंमत एक्झिक्यूटच्या युझिंगने वेगळी द्या, स्ट्रिंगमध्ये चिकटवू नका. इंजेक्शनला, म्हणजे किमतीतून परका कोड क्वेरीत घुसवण्याला, ते उघडं आमंत्रण आहे. टेबलच्या नावासाठी स्ट्रिंग तयार करणाऱ्या फॉरमॅट फंक्शनमधलं परसेंट-आय (नावांसाठीची खूण) वापरा. तिथे स्कीमा (टेबलांचा गट) आणि टेबल टिंबाने जोडून एकत्र दिलंत, तर सगळं मिळून एकच नाव समजलं जातं आणि ‘रिलेशन अस्तित्वात नाही’ अशी एरर येते. दोन्ही वेगळी द्या.

ओरॅकल डेटाबेसवाल्यांनी एक लक्षात ठेवावं: एक्झिक्यूट इमिजिएटला सिलेक्ट दिलं आणि इंटू विसरलात, तर ती क्वेरी चालतच नाही, एररही येत नाही.